जिद्द म्हणे! सेंटर कॉलेजचा १९२१ चा हंगाम आणि बाहेरचे प्लेअर

खोपोलीकर
उगवता_रवी यांचं कालचं लिखाण वाचलं. अमेरिकेत केंटकीतलं डॅनव्हिल, तिथलं सेंटर कॉलेज, तीनशेच्या आत विद्यार्थी, आणि २९ ऑक्टोबर १९२१ ला अमेरिकन फुटबॉलमध्ये हार्वर्डला त्यांच्या घरात जाऊन ६-० ने हरवलं. खाली 'जिद्द असेल तर काय अशक्य आहे' आणि जोडलेले हात. गप्प बसणार होतो, राहवेना. अहो, ती जिद्द डॅनव्हिलची नव्हतीच, टेक्सासहून आणलेली होती! संघातले बो मॅकमिलिन, रेड वीव्हर ही फोर्ट वर्थच्या नॉर्थ साइड हायस्कूलची पोरं. चीफ मायर्स हा सेंटरचाच माजी विद्यार्थी तिथे त्यांचा कोच. तो डॅनव्हिलला आला, पोरं मागोमाग. मॅकमिलिनचे प्रवेशापुरते शाळेचे गुण भरेनात म्हणून आधी वर्षभर केंटकीतल्याच सॉमरसेटच्या शाळेत बसवला. आमच्याकडे याला 'बाहेरचा प्लेअर उतरवणे' म्हणतात.

उगवता_रवी
आणली तर आणली. खेळलं कोण? १९२० ला हार्वर्डने ३१-१४ ने धुतलं होतं. त्यांच्या कप्तानाने सामन्याचा चेंडू देऊ केला, तर मॅकमिलिनने घेतला नाही, पुढच्या वर्षी जिंकून नेतो म्हणाला. आणि नेला! ३२ यार्ड पळत जाऊन टचडाउन, म्हणजे चेंडू गोलरेषेपार, तेच सहा गुण. गावाने भिंतींवर 'सी६एच०' (सेंटर ६, हार्वर्ड ०) रंगवलं. तुम्ही बसा गुणपत्रिका तपासत.

निवृत्त_पीटीसर
बाहेरचा प्लेअर काय असतो ते मला विचारा. तेवीस वर्षं आंतरमहाविद्यालयीन कबड्डीला संघ नेले. एका कॉलेजचा (नाव नको) कप्तान एम.ए. भाग एकला चौथ्यांदा बसलेला, दाढी पिकायला आली होती. तक्रार केली, तर आमच्याच पोरांच्या ओळखपत्रावरचा शिक्का पुसट म्हणून आम्ही बाद. तेव्हापासून जिद्द हा शब्द ऐकला की पित्त खवळतं.

डोंबिवलीची_ताई
सर, तुमचं पित्त राहू द्या. माझ्या मुलीची राज्य स्पर्धा आणि अंतर्गत परीक्षा एकाच दिवशी आली. पोरगी सुवर्णपदक घेऊन आली आणि हजेरी कमी म्हणून विषय राहिला. तिला कुणी सॉमरसेटला बसवलं असतं तर मी पाय धरले असते. खेळाडूची सोय केली की फसवणूक म्हणणारे स्वतः कधी घामाने भिजलेले नसतात.

खोपोलीकर
ताई, खो-खो खेळलोय, विभागापर्यंत. वैयक्तिक होऊ नका. नोकरीतल्या ५ टक्के आरक्षणासाठी बोगस क्रीडा प्रमाणपत्रं निघतात, ती असल्याच 'सोयी'तून. जागा जाते ती खऱ्या पोराची.

डोंबिवलीची_ताई
मग बोगस पकडा ना! खऱ्याला कशाला उन्हात उभं करता?

डॅलसवासी
हंगामाचा शेवट कुणी सांगतच नाही. २ जानेवारी १९२२, आमच्या डॅलसला टेक्सास ए अँड एम कॉलेजने सेंटरला २२-१४ ने हरवलं. मॅकमिलिनचं त्याच सकाळी लग्न लागलं होतं! सेंटरचा कोच चार्ली मोरन हा पूर्वीचा ए अँड एमचाच कोच. ए अँड एमचे इतके गडी जखमी झाले की बास्केटबॉलकडे गेलेल्या त्यांच्या किंग गिलला वर पत्रकारांच्या कक्षातून बोलावून पोशाख चढवला. तो मैदानात उतरलाच नाही, पण त्याच्यासारखं तयार राहायचं म्हणून ए अँड एमची पोरं आजही सामनाभर उभी राहतात.

निवृत्त_पीटीसर
तो मोरन नॅशनल लीगमध्ये पंचही होता. पंचच कोच! आता मी काय बोलू.

डॅलसवासी
सर, बेसबॉलचा पंच. खेळ वेगळा.

उगवता_रवी
इकडचं तिकडचं पुरे. ६-० खरं की खोटं?

खोपोलीकर
खरं. नाकारलं कुणी? पळाला तो ३२ यार्ड, मान्य. पुढच्या वेळी जोडलेल्या हातांऐवजी फोर्ट वर्थचं तिकीट चिकटवा.

डोंबिवलीची_ताई
पीटीसर, हजेरीच्या सवलतीचा अर्ज कुणाच्या सहीने पुढे जातो? कॉलेज काही सांगत नाहीये.

निवृत्त_पीटीसर
आधी क्रीडा संचालक, मग प्राचार्य. पोच घ्या. आणि शिक्का ठळक उमटलाय ना, तिथेच बघून घ्या.