रेटिंगचा आकडा आणि हद्दीचा नकाशा
अमेरिकेत मुलांच्या शाळेचा विचार करून घर कुठे घ्यावं, असं विचारलं की '९-१० रेटिंगच्या (वेबसाइटवर शाळेला दहापैकी मिळणाऱ्या गुणांच्या) शाळेजवळच घर घ्या' असं सुचवलं जातं, पण माझं मत जरा वेगळं आहे. अमेरिकेत राज्यांच्या अनिवार्य परीक्षा तिसरीपासून सुरू होतात. म्हणजे एलिमेंटरीच्या, अर्थात प्राथमिक शाळेच्या, त्या आकड्यामागे जेमतेम तिसरी ते पाचवीचे गुण, आणि त्यांवरही पालकांच्या उत्पन्नाची सावली! त्यापेक्षा राज्याच्या रिपोर्ट कार्डवर (राज्य प्रत्येक शाळेबद्दल काढतं त्या अहवालात) 'ग्रोथ' बघा, मुलं वर्षभरात किती पुढे सरकली ते. सहा रेटिंगवाली शाळा कधीकधी तिथे भाव खाऊन जाते, आणि आसपासची घरंही आवाक्यात असतात.

आणि हो, एजंटच्या शब्दावर जाऊ नका. घराच्या पत्त्यावरून सरकारी शाळा ठरते, म्हणून नेमका पत्ता स्कूल डिस्ट्रिक्टच्या (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) साइटवर टाकून शाळा तपासा. रस्त्यापलीकडे शाळेची हद्द बदलू शकते. नवी वस्ती वाढत असेल तर हद्दी पुन्हा आखणार आहेत का, तेही विचारा.