मदत हवी आहे: काम न करताच तक्रार ‘बंद’, माहिती अधिकारात नेमकं काय मागू?

नमस्कार मंडळी. शहराचं नाव मुद्दाम देत नाही, अर्ज अजून जायचाय. महाराष्ट्रातलीच एक मोठी महापालिका, एवढं पुरे.

आमच्या सोसायटीसमोरचा रस्ता काँक्रीटचा झाला त्याला अडीच वर्षं होतील. रस्ता उंचावला, ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण मात्र जुन्याच पातळीला, चांगलं वीतभर खोल राहिलं. त्यात कुठल्याशा केबलवाल्यांनी कडेने चर खणला, मुरूम लोटला आणि वर पेव्हर ब्लॉक टाकून गेले. ते पहिल्याच पावसात खचले. सध्या तिथं एक फांदी रोवलेली आहे आणि तिला लाल परकराचा तुकडा बांधलाय. तोही आमच्या वॉचमनने.

पथ विभाग म्हणतो, चेंबर ड्रेनेजचं. ड्रेनेजवाले म्हणतात, झाकण आमचंच हो, पण रस्ता उंच केला पथने, लेव्हल त्यांनीच करून द्यायची. क्षेत्रीय कार्यालयातले कनिष्ठ अभियंता सज्जन आहेत, ‘साहेबांशी बोलतो’ म्हणतात. ॲपवरची तक्रार तर ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून बंदच केली. पुरावा म्हणून फोटो जोडलाय, नव्याकोऱ्या पेव्हर ब्लॉकचा. मागे मेडिकलचं दुकान दिसतंय. आमच्या गल्लीत मेडिकलच नाही! खड्ड्याचं मी एक वेळ समजून घेईन, पण न झालेलं काम झालं म्हणून नोंदवलेलं डोक्यात जातं. उद्या कुणी विचारलं तर कागदोपत्री आमची तक्रारच शिल्लक नाही.

घाई अशासाठी की ठेकेदाराच्या फलकावर दोषदायित्व कालावधी 3 वर्षं लिहिलाय. तोवर दुरुस्ती त्याच्या खर्चाने. नंतर नवं टेंडर आणि आपलेच पैसे.

माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचं ठरवलंय. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांची मर्यादा, हे आपल्या राज्याचे नियम ठाऊक आहेत. ‘काम का केलं नाही?’ असं विचारलं की ‘हे माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं उत्तर येतं, ते शेजारच्या काकांनी भोगून झालंय. म्हणून फक्त कागद मागणार: रस्त्याचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतली या कामाची पानं, केबलच्या खोदाईची परवानगी आणि त्यापोटी भरून घेतलेली रक्कम, शिवाय तक्रार बंद करताना केलेला पाहणी अहवाल. पण हा एक विषय धरतील की तीन? कागद वेगवेगळ्या टेबलांवर आहेत. कलम 6(3) प्रमाणे चुकीच्या ठिकाणी गेलेला अर्ज 5 दिवसांत योग्य प्राधिकरणाकडे पाठवायचा असतो, पण एकाच पालिकेच्या दोन विभागांत तसं खरंच होतं का? की 30 दिवस बसवून ठेवून ‘आमच्याशी संबंधित नाही’?

भर (खालचे प्रतिसाद वाचून): सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख पाहू देण्याबद्दलचा 2018 चा शासन निर्णय सुचवल्याबद्दल आभार, जाणार आहे. तिथं मोजमाप पुस्तिका हातात देतात का, मोबाईलने फोटो काढू देतात का? कायद्यात कामाची पाहणी करायचा आणि साहित्याचे नमुने घ्यायचाही हक्क आहे. तो वापरून कुणी अभियंत्याला जागेवर उभं करून टेप लावून घेतलीय का? नमुना अर्ज असेल तर कृपया इथंच चिकटवा.

आणि एक. तळमजल्यावरचे आजोबा त्याच झाकणात स्कूटरचं चाक जाऊन पडले, मनगट मोडलं. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे जखमी झालेल्यांना 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलीय. आमचं मॅनहोल उघडं नाही, खोल आहे, मग ते खड्ड्यात धरतील का? पोलिसांत नोंद नाही, केसपेपर आणि एक्स-रे तेवढे आहेत. अशा भरपाईसाठी कुणी अर्ज केला असेल तर सोबत काय काय जोडलं ते सांगा. आजोबा ‘कशाला त्या भानगडीत’ म्हणतायत, पण त्यांच्या सूनबाई तयार आहेत.