दार्जिलिंगचा पानांचा चहा कडू का होतो?

आधणवाला: फर्स्ट फ्लशची, म्हणजे हंगामातल्या पहिल्या खुडणीची पत्ती आणली आहे. आधण आलं की कपाला एक चमचा टाकून पाच मिनिटं झाकून ठेवतो. रंग फिका, पण चव कडू-तुरट. कुठे चुकतंय?

कोराचहा: पाणी फार गरम, वेळही जास्त. मार्च-एप्रिलच्या खुडणीची ही पत्ती पूर्ण काळी होऊ देत नाहीत, म्हणून हिरवट दिसते. उकळत्या पाण्यात तिचा तुरटपणा भसकन उतरतो. रंगावर जाऊ नका, तो फिकाच असतो. आधण आल्यावर गॅस बंद करून झाकण काढा, पाणी ८५-९० अंशांवर येऊ द्या. २०० मिलीला अडीच ग्रॅम, तीन मिनिटं, की लगेच सगळा गाळून घ्या. पत्ती पाण्यात राहिली तर कडवटपणा उतरतच राहतो.

तोळामासा: चमच्याने मोजू नका. सीटीसीचे, म्हणजे नेहमीच्या दाणेदार चहाचे दाणे चमच्यात गच्च बसतात. ही पानं लांबट, पोकळ, दर वेळी वजन वेगळं. छोटा वजनकाटा घ्या. आणि पत्ती भरून कपात सोडायची ती जाळीची गोळी नकोच, पानं फुलायला जागा राहत नाही. साधी किटली आणि गाळणी बास.

चहाटळ: बोअरचं पाणी असेल तर तेही बघा. जड पाण्यात रंग काळपट होतो, वास मरतो, वर तवंग धरतो. तुमचा रंग फिका आहे, म्हणजे पाण्याचा दोष नसावा.

आधणवाला: दूध घातलं तर?

कोराचहा: पैसे दुधात! त्यासाठी आसामची सीटीसी उकळा.