हवामान तज्ज्ञ म्हणजे नक्की कोण?

मंडळी, एक शंका आहे, जरा पाल्हाळ होईल पण वाचा.

एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीत एक कार्यक्रम झाला, गच्चीवर सोलर बसवायचं आणि खाली पार्किंगमध्ये गाड्यांच्या चार्जिंगची सोय करायची, त्यावर. बोलायला तिघांना बोलावलं होतं. एक सोलरवर काम करणारे, एक बाई ज्या बस-मेट्रो-सायकल यावर काम करतात, आणि एक जण क्लायमेट पॉलिसीवाले. पत्रक मराठीत लिहायचं काम माझ्या गळ्यात (बाकीचे "तुझं मराठी छान आहे रे" म्हणून मोकळे). मी आपलं सरळ लिहून टाकलं, ऊर्जा तज्ज्ञ, वाहतूक तज्ज्ञ, हवामान तज्ज्ञ. लिहिताना काहीच खटकलं नाही.

प्रश्न विचारायची वेळ आली आणि दुसऱ्या रांगेतल्या काकूंनी माइक घेऊन हवामान तज्ज्ञांना विचारलं, शनिवारी पाऊस आहे का हो, कुरडयांचे गहू भिजत घातलेत. ते बिचारे म्हणाले मी त्यातला नाही. त्यावर काकू, "मग हवामान तज्ज्ञ कसे तुम्ही?" अख्खा हॉल हसला पण मला वाटतं काकूंचंच बरोबर होतं. वाहतूकवाल्या बाईंना सगळ्यांनी कोपऱ्यावरच्या सिग्नलचंच विचारलं. ऊर्जावाल्यांना वीजबिलातला "वहन आकार" कसला ते विचारलं, त्यांनी मात्र सांगितलं की तारांवरून वीज तुमच्या मीटरपर्यंत आणून सोडायचे ते पैसे.

तर वेदर आणि क्लायमेट दोन्हीला मराठीत हवामानच का? आणि क्लायमेट पॉलिसीवर काम करणाऱ्याला म्हणायचं काय?

प्रतिसाद: सहावीचा भूगोल काढा

मी शाळेत भूगोल शिकवते. सहावीच्या पुस्तकात धड्याचं नावच आहे "हवा व हवामान". आत्ता, आज, या ठिकाणी वातावरण कसं आहे ती हवा. वर्षानुवर्षांची सरासरी काढून एखाद्या प्रदेशाबद्दल जे म्हणता येतं ते हवामान, आणि त्यासाठी साधारण ३० वर्षांच्या नोंदी धरतात. म्हणजे दोन गोष्टींना दोन शब्द आहेत, आपण वापरत नाही एवढंच. शब्दाच्या पोटातच बघा ना, हवा अधिक मान. मान म्हणजे माप, प्रमाण, जसं पर्जन्यमान, राहणीमान. हवा अरबी-फारसीकडून आलेली आणि मान संस्कृत, पण जोडी जमली. म्हणजे तुमचे पाहुणे खरे हवामान तज्ज्ञ, आणि काकूंना हवा होता हवा तज्ज्ञ.

पण माझीच मुलं पेपरात बरोबर व्याख्या लिहितात आणि घरी जाऊन टीव्हीवर "हवामान अंदाज" बघतात, तो उद्याच्या हवेचा असतो. मी काय कपाळ सांगू त्यांना.

प्रतिसाद: दोष पाटीचा आहे

भूगोलाच्या बाईंशी सहमत, पण लोकांना नावं ठेवू नका. १८७५ साली निघालेलं आपलं भारतीय हवामान खातं, त्याचं मुख्यालय सिमल्याहून १९२८ मध्ये पुण्यात आलं, म्हणून शिवाजीनगरला आम्ही पुणेकर अजून "सिमला ऑफिसला उतरायचंय" म्हणतो आणि बाहेरचा माणूस घाबरतो. आमचे आजोबा "वेधशाळेचा अंदाज" म्हणायचे. वेधशाळा म्हटलं की वेध घेणं आलं, आज-उद्याकडे बघणं आलं. आता सगळे "हवामान खात्याचा अंदाज" म्हणतात. रोज खातं सांगणार पाऊस पडेल की नाही, मग हवामान म्हणजे पाऊस पडेल की नाही, असंच डोक्यात बसणार ना.

याच खात्यात पुण्याला १९४८ मध्ये शास्त्रज्ञ अ‍ॅना मणी रुजू झाल्या, पाऊस-वारा-ऊन मोजायची उपकरणं देशातच बनवायच्या मागे लागल्या, आणि १९८० मध्ये भारतात कुठे किती ऊन पडतं त्याच्या आकडेवारीचा जाडजूड ग्रंथ काढला. सोलरवाल्यांना पुढे तेच आकडे कामाला आले. त्यांना कुठल्या खुर्चीवर बसवाल, हवामान की ऊर्जा?

प्रतिसाद: कुरडयांचं काय झालं पुढे?

प्रतिसाद: एका गोष्टीला तीन नावं

क्लायमेट चेंजचं बघा. दिल्लीच्या मंत्रालयाच्या नावात २०१४ पासून जलवायू परिवर्तन. आपल्या राज्याचा विभाग आहे पर्यावरण व वातावरणीय बदल. आणि पेपरवाले लिहितात हवामान बदल. जलवायू हिंदीतून आलाय, कानाला परका वाटतो. वातावरणाची अडचण वेगळी, आमच्या घरी "वातावरण बदललंय" म्हटलं की सर्दी-खोकला आणि मग आल्याचा चहा, वातावरण तापलं म्हटलं की निवडणूक. त्यामुळे २०२२ च्या मार्चमध्ये मुंबई महापालिकेनं क्लायमेट ॲक्शन प्लॅन आणला, २०५० पर्यंत नेट झिरो वगैरे, तेव्हा माझ्या आईला वाटलं प्रदूषणाचं काहीतरी आहे.

अवांतर: क्लायमेट चेंजला शब्दाला शब्द लावायचा तर आपला जुना शब्द आहेच, हवापालट. डॉक्टर पूर्वी पाचगणीला पाठवायचे त्यासाठी.

प्रतिसाद: तज्ज्ञ की तज्ञ

धागाकर्त्यानं दोन ज लिहिले म्हणून आधी त्याला दंडवत. तत् अधिक ज्ञ. पुढे ज आला की त् चा ज् होतो, आणि ज्ञ मध्ये एक ज मुळातच आहे, म्हणून तज्ज्ञ. कृतज्ञ, सर्वज्ञ मध्ये मागे त् नाही म्हणून तिथे ज्ञ एकटा. "तज्ञ" लिहिणं चूक आहे, कितीही छापलं तरी.

आता अर्थ. तज्ज्ञ म्हणजे "ते जाणणारा". ते म्हणजे कुठलं ते, हे शब्द सांगत नाही, मागच्या शब्दानं सांगायचं. मागचा शब्दच ढिला असेल तर तज्ज्ञ काय करणार. आणि मला विचाराल तर या मंडळींना अभ्यासक म्हणावं. पुण्यातल्या प्रयास ऊर्जा गटानं नव्वदच्या दशकात एन्रॉनच्या वीजखरेदी कराराचे आकडे तपासून लोकांपुढे मांडले, ते काम अभ्यासकाचं. तज्ज्ञ पदवीनं होता येतं, अभ्यासकाला रोज कागद वाचावे लागतात. (हे माझं मत, शब्दकोशात शोधू नका.)

प्रतिसाद: वाहतुकीचंही तेच

ट्रॅफिक पण वाहतूक आणि ट्रान्सपोर्ट पण वाहतूक. वाहतूक पोलीस शिट्टी मारतो आणि वाहतूक धोरणवाला दहा वर्षांनी किती बस लागतील ते मोजतो, दोघे एकाच शब्दाखाली. ट्रॅफिकला रहदारी शब्द होता, मस्त होता, आता फक्त "रहदारीस अडथळा" मध्ये उरलाय. (राहदारी म्हणजे मुघल काळात वाटेवर घ्यायचा कर, म्हणजे टोलनाका शब्दात आधीपासूनच होता.) ट्रान्सपोर्टला सरकारी परिवहन आहे, पण एसटीला राज्य परिवहन कोण म्हणतं, एसटी ती एसटीच. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर पहिली एसटी धावली, २०२२ ला त्याच तारखेला त्याच रस्त्यावर विजेवरची शिवाई सोडली, तिलाही लोक "बॅटरीवाली एसटी" म्हणतात. माझ्या मते बाईंना "सार्वजनिक परिवहन अभ्यासक" लिहा, सिग्नलचे प्रश्न निम्मे कमी होतील.

प्रतिसाद: निव्वळ आणि संक्रमण

मी चंद्रपूरचा, लेखापरीक्षणात आहे. नेट झिरोला "निव्वळ शून्य" लिहितात. आम्हा हिशेबवाल्यांना ते बरोबर वाटतं, निव्वळ नफा म्हणजे सगळं वजा करून उरलेला, तसंच जेवढा कार्बन सोडला तेवढा कुठेतरी शोषला की उरलं शून्य. भारतानं २०७० सांगितलंय, २०२१ ला ग्लासगोत. पण बाकी लोक निव्वळ कशाला लावतात? निव्वळ मूर्खपणा, निव्वळ थापा. म्हणून निव्वळ शून्य ऐकलं की वाटतं कामाच्या नावानं शून्य.

दुसरा शब्द "ऊर्जा संक्रमण", म्हणजे एनर्जी ट्रान्झिशन, कोळसा सोडून सौर-पवनकडे जाणं. आमच्या इकडं औष्णिक केंद्र २९२० मेगावॉटचं, कोळशावर अर्धं गाव जगते. तिथं कोणी येऊन न्याय्य संक्रमण (कोळशावर जगणाऱ्यांना वाऱ्यावर न सोडता केलेला बदल) म्हणाला तर करोनापासून लोकं पहिले विचारतात, कशाचं संक्रमण बाप्पा? स्थित्यंतर म्हणा, जुना चांगला शब्द आहे. म्हणजे खाणीतल्या माणसाले कळते तरी की आपली स्थिती बदलणार हाय, आणि मग तो बरोबर विचारते, कोण बदलणार अन् माझ्या पोराले काम कोण देणार.

प्रतिसाद: अपारंपरिक!

माझा लाडका राग. सौर आणि पवन ऊर्जेला सरकारी कागदावर वर्षानुवर्षं "अपारंपरिक ऊर्जा" म्हणत आले आणि कोळसा पारंपरिक. अहो माझी पणजी उन्हात सांडगे घालायची, शिडाची गलबतं वाऱ्यावर चालायची, कोकणात कोळशाची आगबोट त्यांच्या कितीतरी नंतर आली. परंपरा कुणाची धरलीत? अक्षय ऊर्जा म्हणा, कानाला गोड, आणि अक्षय्य तृतीयेमुळे अर्थ सांगायला नको. नूतनीकरणक्षम म्हणताना माझी कवळी हलते.

प्रतिसाद: +१, आणि चार्ज

कवळीला +१. चार्जचं पण कुणीतरी बघा. बिलात चार्ज म्हणजे आकार, बॅटरीत गेला की प्रभार, ऑफिसात घेतला की पदभार. उद्या कोणी चार्जिंग पॉइंटला प्रभारण केंद्र लिहिलं तर लोक तिथे प्रभारी साहेबांना भेटायला येतील. चार्जिंगच राहू द्या, बस आणि बटाटा पचवले तसं हेही पचवू.

धागाकर्ता:

सगळ्यांचे आभार. पुढचा कार्यक्रम पावसाळ्याच्या तोंडावर आहे, त्यासाठी असं लिहिलंय: "घरगुती सौर विजेचे अभ्यासक", "सार्वजनिक परिवहन अभ्यासक", "हवामान बदल आणि सरकारी धोरण यांचे अभ्यासक". तिसऱ्यात हवामान ठेवलं कारण भूगोलाच्या बाईंचं पटलं, शब्द बरोबर आहे तर तो का सोडायचा, बदल आणि धोरण शेजारी आले की पावसाचं कोणी विचारणार नाही अशी आशा. सेक्रेटरी काकांना पाठवलं तर त्यांचा मेसेज आला, एवढं फ्लेक्सवर बसत नाही, नुसतं तज्ञ लिही. एकाच ज चं. भांडण चालू आहे.

आणि कुरडयांचं विचारलं होतं कुणीतरी. काकूंनी शनिवारची वाट न बघता शुक्रवारीच घातल्या, आभाळ भरून आलं म्हणून हॉलमध्ये पंख्याखाली वाळवल्या. जरा आंबूस झाल्यात पण तळल्यावर कळत नाही.