पुश-अप २४ वर अडकलेत, आठ आठवड्यांत ४५ जमतील का?

चाचणीवाला:
लष्करी शारीरिक चाचणीला आठ आठवडे उरलेत. दोन मिनिटांत ४५ पुश-अप, मग थोडी विश्रांती आणि २.४ किमी धाव ११ मिनिटांच्या आत. सध्या एका दमात २४ होतात आणि तीन आठवडे आकडा जागचा हललेला नाही. धाव १२:४०. रोज सकाळी हात थरथरेपर्यंत तीन सेट मारतो: २४, १५, ११. विसाव्या पुश-अपनंतर कंबर खाली झुकते, उजवं मनगट दुखतं. सेट वाढवू का? की दंड मारून ताकद येईल?

मोजूनमापून:
वाढवू तर नकाच, आधी हे थरथरणं बंद करा. रोज पार दमेपर्यंत मारल्यावर स्नायू भरून यायला वेळच मिळत नाही. दुसऱ्या सकाळी तुम्ही कालचा थकवा मोजत बसता.

पहिले तीन आठवडे: दिवसातून पाच-सहा वेळा, दर वेळी फक्त १२, मध्ये किमान तासभर. आठवड्यातून पाच दिवस. बारावा पुश-अप पहिल्यासारखाच दिसला पाहिजे, नाहीतर १० वर या. बेरीज केलीत तर रोजचे ६०-७० होतात, म्हणजे आत्ताच्या ५० पेक्षा जास्तच, आणि एकही वाकडा नाही. दोन आठवड्यांनी एकदा कमाल आकडा तपासा. ३० आले तर १२ चे १५ करा.

चौथ्या आठवड्यापासून घड्याळ लावा. मिनिट सुरू झालं की १०, उरलेल्या वेळात विश्रांती, अशी दहा मिनिटं. हे आठवड्यातून दोनदाच, मध्ये दोन दिवस सोडून. दहाही मिनिटं नीट गेली की पुढच्या वेळी १२. तिसऱ्या एका दिवशी सावकाश सेट: खाली जायला तीन सेकंद, वर एकदम. ८-१० चे तीन सेट, मध्ये तीन मिनिटं विश्रांती. या काळात दिवसभरातले छोटे सेट बंद.

कोपरकोन:
कंबर झुकते म्हणजे हात थकायच्या आधी पोट आणि नितंब सैल पडतायत. सुरुवातीलाच नितंब घट्ट आवळा आणि बरगड्या खाली ओढून धरा. फळीसारखं कोपरांवर ताठ राहण्याचे ४५ सेकंदांचे तीन सेट, एक दिवसाआड.

फोन जमिनीवर बाजूला ठेवून एक सेट चित्रित करा आणि सोळाव्यापासून पुढे बघा. बहुतेकांची मान पुढे येते, छातीआधी हनुवटी जमिनीकडे जाते आणि खाली गेल्याचा भास होतो. कोपराच्या वरचा हात जमिनीला समांतर होत नाही तोवर परीक्षक तो धरत नाही. छातीखाली घडी घातलेला टॉवेल ठेवा, छाती टेकली तरच मोजा. हा नियम लावला की तुमचे २४ कदाचित १९ निघतील. वाईट वाटून घेऊ नका, तोच खरा आकडा.

मनगट: तळवे खांद्याच्या रेषेपेक्षा पुढे गेले असतील तर मागे घ्या. मधलं बोट सरळ पुढे, आणि भार मनगटाजवळच्या तळव्यावरच न टाकता तर्जनीच्या मुळाशीही येऊ द्या. कोपरं बाजूला काटकोनात फाकवू नका. धडाशी साधारण ४५ अंश. दुखणं थांबेपर्यंत काही सेट मुठींवर मारा. तळव्याचे पूर्ण सोडू नका, चाचणी तळव्यावरच आहे.

खांदेकरी:
वरच्यांशी सहमत, फक्त थकल्यावर गुडघे टेकून पुढे मारत बसू नका. गुडघ्यांवर कंबरेला काम फार कमी उरतं, आणि तुमची कमजोर जागा तीच. त्यापेक्षा हात भक्कम बाकावर ठेवा. भार कमी होतो, शरीराची रेघ तीच राहते.

दंड चांगला व्यायाम आहे, पण त्यात कंबर वर जाते आणि अंग कमानीत पुढे सरकतं. चाचणीत मोजला जातो तो हा नव्हे. आठ आठवडेच असतील तर जे मोजणार तेच मारा. सोबत आठवड्यातून दोनदा ओढण्याचा व्यायाम हवा (खालच्या आडव्या दांड्याला लटकून छाती वर ओढणं पुरेल), नाहीतर खांदे पुढे येतात आणि दुखू लागतात.

आता ४५ चा हिशेब. एका दमात ४५ लागत नाहीत. ३६-३८ होत असतील तर जमतात. दीड सेकंदाला एक या चालीने ४५ सेकंदांत ३०. उरले ७५ सेकंद आणि १५ पुश-अप: पाच-पाचचे तीन गट, प्रत्येक गटाआधी साधारण १५ सेकंद वरच्या स्थितीत हात ताठ ठेवून श्वास. संथ मारून ताकद वाचत नाही, उलट अंग तोलून धरण्यातच ती जाते. पण वर थांबायची मुभा आहे का, हे नियमपत्रकात आधी वाचा.

चाचणीवाला:
हिशेब कळला. धावेचं काय? आणि शेवटच्या आठवड्यात?

मोजूनमापून:
११ मिनिटं म्हणजे ४०० मीटरला ११० सेकंद. आठवड्यातून एकदा ४०० चे सहा, प्रत्येकी ११० मध्ये, मध्ये दोन मिनिटं चाल. पहिला ९५ मध्ये पळालात तर पाचवा १२० ला येईल, म्हणून सुरुवातीला वेग आवरा. एक दिवस ३०-४० मिनिटं बोलता येईल अशा चालीने, एक दिवस २ किमी मध्यम. नडगी दुखली तर अंतर लगेच कमी करा. सहाव्या आठवड्यापासून दर आठवड्याला एकदा पूर्ण क्रम लावा: दोन मिनिटं पुश-अप, दहा मिनिटं थांबून २.४ किमी. थकलेल्या खांद्यांनी पळणं वेगळंच लागतं.

शेवटची पूर्ण चाचणी सात दिवस आधी. मग सगळं निम्मं, शेवटचे दोन दिवस फक्त हलकी दहा मिनिटांची धाव. त्या सकाळी अंग गरम करायला पाच-सहा पुश-अप, बस.

कोपरकोन:
एक राहिलं. आकडा गाठायला एका दिवशी शेकड्यांनी मारू नका. नंतर हात सुजले, कोपर सरळ होईना किंवा लघवी गडद तपकिरी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. स्नायू तुटून किडनीवर ताण आल्याचं ते लक्षण असू शकतं. नुसतं अंग दुखणं काही दिवसांत ओसरतं.