प्रोग्रॅमिंगचं पहिलं पुस्तक: माझ्या मते सीचा ठोकळा नको, पायथॉनचं पातळ पुस्तक द्या

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

माझी भाची यंदा बारावी झाली. गुहागर तालुक्यातलं गाव, मराठी माध्यम, घरात एक जुना लॅपटॉप. मोबाईलला रेंज हवी तर सड्यावर, म्हणजे वरच्या माळावर, जावं लागतं. तिला प्रोग्रॅमिंग शिकायचंय आणि पुढचा प्रवेश होईपर्यंत दोन महिने मोकळे आहेत. मागच्या आठवड्यात गेलो तर टेबलावर सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं एक जाडजूड पुस्तक, ओळखीच्या कुणीतरी दिलेलं. चाळिसाव्या पानावर खूण, त्यापुढची पानं उघडलेलीही नव्हती. मला म्हणाली, "मामा, मला हे जमणारं नाही बहुतेक." गणितात चांगली असलेली मुलगी असं बोलते तेव्हा दोष मी पुस्तकाला देतो.

त्या चाळीस पानांत काय होतं ते बघितलं. टर्बो सी (सीचे प्रोग्रॅम लिहून चालवायचं साधन) कसं टाकायचं, निळ्या पडद्यावर मेनू कुठे आहेत, स्क्रीन कशी पुसायची. टर्बो सी बोरलँड कंपनीने १९८७ साली बाजारात आणलं. डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळातला तो प्रोग्रॅम आजच्या ६४ बिटच्या विंडोजवर थेट चालतसुद्धा नाही, डॉसबॉक्ससारखी सोय करावी लागते. म्हणजे पोरीचा पहिला आठवडा कॉम्प्युटरला जुना कॉम्प्युटर असल्याचं सोंग घ्यायला लावण्यात गेला. मग आकडा वाचून घेण्यासाठी व्हेरिएबलच्या (आकडा ज्या नावाखाली ठेवतात त्याच्या) आधी एक चिन्ह टाकायला सांगितलंय, ते का, तर "पुढे पॉइंटरच्या प्रकरणात कळेल". नवशिक्याला पहिल्याच आठवड्यात "पुढे कळेल" सांगणारं पुस्तक मला पटत नाही.

मी तिला एक हिशेब घालून दिला. तिची आजी भरतीची वेळ बोटांवर काढते: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, पंचमीला पावणेचारला, तिथून सहाएक तासांनी ओहोटी. तिसऱ्या (शिंपले) काढायला जायचं तर हे माहीत लागतंच. भाचीने सीमध्ये लिहिलं: तिथी गुणिले कंसात तीन भागिले चार. उत्तर शून्य. चतुर्थीला शून्य, दशमीलाही शून्य. कंस काढला तर पंचमीला नुसते तीन. वरची पंचेचाळीस मिनिटं गेली कुठे, हे चाळीस पानांत कुठेच नव्हतं. हेच पायथॉन ३ या भाषेत लिहिलं की ३.७५ येतात.

माझं मत सरळ आहे. पहिलं पुस्तक पायथॉनचं, पातळ आणि कागदावरचं असावं. पहिल्या दिवशी घरातला एक हिशेब सुटला पाहिजे. तुमचं काय म्हणणं?

भंगसाळ (कुडाळ)

नमस्कार. अठरा वर्षं डिप्लोमाच्या मुलांना शिकवतोय आणि तुमच्याशी पूर्ण असहमत आहे. तुम्ही सीविरुद्ध जो पुरावा दिलात, तोच सीच्या बाजूचा सर्वात चांगला पुरावा आहे.

ते शून्य का आलं? पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की सी अपूर्णांक टाकून देते. तीन भागिले चार, पूर्ण भाग शून्य. कंस काढल्यावर पंचमीचे पाच गुणिले तीन पंधरा, भागिले चार, पूर्ण भाग तीन. आकडा यंत्राच्या आत कोणत्या खणात ठेवला जातो हे या एका चुकीतून जितकं कळतं, तितकं दहा व्याख्यानांतून कळत नाही. पायथॉनने ३.७५ दिले आणि मुलगी पुढे गेली. तिला वाटलं सगळं समजलं, पण आकड्याचा प्रकार म्हणजे काय हा प्रश्नच तिच्या मनात आला नाही.

दुसरं, दोष त्या जाड पुस्तकाचा आहे, भाषेचा नाही. कर्निगन आणि रिची यांचं सीचं पुस्तक १९७८ चं, दुसरी आवृत्ती १९८८ ची. तीनशे पानांच्या आत संपतं. पहिल्याच प्रकरणात फॅरेनहाइटचं सेल्सिअस करायचा तक्ता आहे आणि तिथेच लिहिलंय की पाच नवमांशने थेट गुणू नका, आधी पाचने गुणा, मग नऊने भागा, नाहीतर शून्य येईल. तुमच्या भाचीची चूक जशीच्या तशी! तिच्या हातात ते पुस्तक असतं तर तिला त्याच संध्याकाळी उत्तर सापडलं असतं. आणि टर्बो सी विसरा, सीचे प्रोग्रॅम चालवण्याजोगे करून देणारा जीसीसी फुकट मिळतो.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

सर, शून्याचा मुद्दा मान्य. तो पुस्तकात नव्हता म्हणून मला राग आला, भाषेत आहे म्हणून नाही, हे तुम्ही बरोबर पकडलंत. पण कर्निगन-रिचींचं पुस्तक मीही वाचलंय. त्याच्या प्रस्तावनेतच म्हटलंय की हे अगदी पहिल्यांदा शिकणाऱ्यासाठी नाही, व्हेरिएबल, लूप (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणं), फंक्शन (नाव दिलेला प्रोग्रॅमचा तुकडा) यांची थोडी ओळख वाचणाऱ्याला आहे असं धरलंय. लेखकच जे म्हणतात ते आपण का डावलावं? दुसरं पुस्तक म्हणून माझं पहिलं मत त्यालाच.

सुरंगी (सावंतवाडी)

माझं म्हणणं तुम्हा दोघांच्याही विरुद्ध आहे. पुस्तक हवंच कशाला? आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे. लहान लहान चित्रफिती, मराठी निवेदनातल्याही आहेत. एका बाजूला चित्रफीत चालू ठेवायची, दुसऱ्या बाजूला तेच स्वतः करायचं. उतरवून ठेवल्या की इंटरनेट लागत नाही, त्यामुळे सड्यावर एकदाच जायचं. मी लग्नानंतर, दोन मुलं सांभाळून अशीच शिकले. बारीक अक्षरांचं इंग्रजी पुस्तक घेऊन बसायला मला वेळही नव्हता आणि धीरही. ऐकताना भाकऱ्या थापता येतात, वाचताना येत नाहीत.

हर्णै_बंदर (दापोली)

सुरंगीताई, चित्रफितींना नावं ठेवत नाही, पण ३ जून २०२० विसरता येत नाही. निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कित्येक आठवडे वीज नव्हती. लॅपटॉप बंद, फोन बंद. मी तेव्हा पडवीत बसून पुस्तकातला प्रत्येक लूप वहीत चालवला. डावीकडे ओळ, उजवीकडे त्या ओळीनंतर प्रत्येक व्हेरिएबलमध्ये काय राहिलं ते. याला ड्राय रन म्हणतात हे मला नंतर कळलं. वीज आली तेव्हा टाइप केलेले प्रोग्रॅम पहिल्या-दुसऱ्या खेपेत चालले. चित्रफितीत माणूस बघत राहतो आणि कळलंय असं वाटतं. वहीत ओळ अडली की अडली, तिला पुढे ढकलता येत नाही. त्यामुळे भाषा कुठलीही घ्या, पण कागद हवाच. या बाबतीत मी धागाकर्त्याच्या बाजूने.

तारकर्लीचो (मालवण)

तुमचा सगळ्यांचा खरा, पण एक गजाल कोणच बोलणत नाय. सीचा असूंदे नायतर पायथॉनचा, पुस्तक इंग्रजीत असता. आमच्या झिलाक लूप म्हणजे काय ता कळला, पण पुस्तकातला वाक्य कळूक नाय. मगे तो म्हणता माका प्रोग्रॅमिंग येणा नाय. अडचण खंयची आणि दोष कोणाक!

म्हणून मी मुलाला एक गोष्ट करून दाखवली, ती इथे सगळ्यांसाठी लिहितो. पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत देता येतात. तिथी, तास, पेटी, दर, अशी सरळ नावं. इतकंच नाही, विचारलेल्या आकड्याचं उत्तर ५ असं देवनागरीत टाइप केलं तरी टाइप केलेल्याचा पूर्णांक करणारं इंट फंक्शन ते बरोबर पाच म्हणून घेतं. प्रिंट, इफ, फॉर एवढे मोजके इंग्रजी शब्द राहतात. आंब्याच्या पेट्यांचा हिशेब त्याने असाच लिहिला. किती पेट्या, पेटीत किती डझन, काय दर, हमाली वजा जाता काय उरलं. स्वतः लिहिलेलं स्वतःला वाचता आलं म्हटल्यावर त्याचा चेहराच बदलला.

भंगसाळ (कुडाळ)

हे मला माहीत नव्हतं. पहिल्या पंधरवड्यासाठी उत्तम. पण तिथेच थांबू देऊ नका. पुण्या-मुंबईतच कशाला, कुडाळातल्या ऑफिसातही शेजारी बसणारा ते वाचू शकला पाहिजे, आणि चूक दाखवणारा एरर येतो तो इंग्रजीतच येतो. ती लाल ओळ वाचायची भीती गेली पाहिजे. मी मुलांना एररचे शब्द वहीत मराठी अर्थासकट लिहायला लावतो. वीसेक शब्दांत बहुतेक काम भागतं.

रद्दीतला_खजिना (रत्नागिरी)

पायथॉनवाल्यांना एक इशारा. पुस्तक जुनं घेणार असाल तर आधी आतलं एक पान उघडा आणि प्रिंटच्या पुढे कंस आहे का बघा. नसेल तर ते पायथॉन २ चं आहे, परत ठेवा. पायथॉन ३ डिसेंबर २००८ मध्ये आलं आणि २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला, पण ती पुस्तकं अजून रद्दीच्या दुकानात आणि वाचनालयांत फिरतात. मी शहरातल्या एका क्लासमध्ये पैसे भरले होते. तिथे त्याच जुन्या पुस्तकाच्या झेरॉक्स वाटल्या होत्या. पहिलीच ओळ चालेना आणि सर म्हणाले, तुझ्या लॅपटॉपमध्ये व्हायरस आहे. दोन महिने मी तेच खरं धरून चाललो.

आणि गंमत नाही, सांगून ठेवतो: पायथॉन २ मध्येही तीन भागिले चार शून्यच येतात. आजीची भरती तिथेही चुकली असती.

नवा_गडी (राजापूर)

एवढी चर्चा कशाला? एआयला विचारलं की तो प्रोग्रॅमही लिहून देतो आणि समजावूनही सांगतो, तेही मराठीत. माझं पहिलं पुस्तक तोच.

सुरंगी (सावंतवाडी)

समजावून घ्यायला जरूर विचार, मीही विचारते. पण पहिले दोन महिने लिहून घेऊ नको रे बाबा. ते शून्य आलं तेव्हा भाचीने कंस काढून बघितला, हे मला या धाग्यात सर्वात आवडलं. आयतं उत्तर मिळालं असतं तर तिने कंसाला हात लावला नसता. (आणि हर्णैदादा, वहीचं पटलं. चित्रफीत थांबवून वहीत लिहायचं, असं आता मी मुलीला सांगेन.)

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

काय केलं ते सांगतो. एनसीईआरटीचं अकरावीचं कॉम्प्युटर सायन्सचं पुस्तक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहे, त्यातला प्रोग्रॅमिंगचा भाग पायथॉनमध्ये आहे. इंग्रजी शाळकरी वळणाचं, वाक्यं छोटी. तेवढी प्रकरणं चिपळुणात छापून, स्पायरल करून दिली. जोडीला अल स्वाइगार्ट यांचं ऑटोमेट द बोअरिंग स्टफ विथ पायथॉन लॅपटॉपवर टाकून दिलं. २०१५ चं पुस्तक, लेखकाने स्वतःच इंटरनेटवर वाचायला मोकळं ठेवलंय. ते पातळ नाही, म्हणून फक्त पहिला भाग वाच म्हटलं. एक्सेलच्या फायली हाताळायचा दुसरा भाग आंब्याच्या हंगामात बापाच्या हिशेबाला उपयोगी पडेल. सीचं पुस्तक परत केलेलं नाही. सर, तुमच्यामुळे ते कपाटात ठेवलंय, आणि कर्निगन-रिची दिवाळीला मी घेऊन देणार आहे.

काल रात्री तिचा फोन आला, सड्यावरून. पंचमीचे ३.७५ आले, त्याचे तीन वाजून पंचेचाळीस मिनिटं असं तिने स्वतः करून घेतलं. मग तिने एक ते पंधरा अशा सगळ्या तिथी लूपमध्ये घातल्या. पौर्णिमेला सव्वाअकरा आले. आजी म्हणते, पौर्णिमेला भरती बाराला.

भंगसाळ (कुडाळ)

छान! आजीचा पाऊणपट हा तोंडी हिशेबाला सोपा ठोकताळा आहे. पंधरा तिथींत बारा तास पुढे जायचं तर दर तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं हवीत, पंचेचाळीस नव्हे. तिला हे सांगू नका. तिलाच काढू द्या.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

सांगायची वेळच आली नाही, सर. सकाळी पुन्हा फोन. तिने पाऊणच्या जागी चार पंचमांश घातलेत, कारण पौर्णिमेला बारा यायलाच हवेत. पण त्यामुळे पंचमी पावणेचारवरून चारवर गेली आणि आजी ऐकायला तयार नाही. येत्या पंचमीला दोघी घड्याळ आणि वही घेऊन किनाऱ्यावर बसणार आहेत. मीही जाईन म्हणतो.