मदत हवी आहे: ओल्या काळ्या मातीचा प्रातिनिधिक नमुना

जुन्या क्रोम प्लेटिंग शेडची जागा, २० बाय १५ मीटर, भारी काळी माती. षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) मोजायचंय. वरच्या १५ सेंमी थरातून ३० ठिकाणची सारख्या मापाची माती एकत्र करून एक, असे तीन स्वतंत्र नमुने घेतले. तिसऱ्याचा आकडा पहिल्याच्या दुपटीहून जास्त. प्लेटिंगच्या टाकीजवळच्या ढेकळांच्या भेगांत पिवळा थर दिसतो, गोम तिथंच असावी. ऑगर (माती काढायचा गिरमिट) स्टेनलेस स्टीलचा, त्यातच क्रोमियम असतं, म्हणून त्याला लागलेली कडेची माती खरवडून टाकली. वाळवताना क्रोमियमचं रूप बदलेल या भीतीनं माती ओलीच ४ अंश सेल्सिअसला ठेवली आहे, ओलावा वेगळा काढतो. पण ती २ मिमी चाळणीतून जात नाही, नमुना लहान करायला चार भाग करतानाही ढेकळं सारखी वाटली जात नाहीत. जागेवर अजून एकदाच जाता येईल. टाकीजवळचा पट्टा स्वतंत्र धरावा, की ३० ऐवजी ६० ठिकाणं घ्यावीत? आणि चिकण माती न वाळवता एकजीव कशी करता?